बिनझाकणाची करंडी

मित्रांनो, मी एक जुनी करंडी आहे आणि मला झाकण नाही. पूर्वी होते. ते कसे गेले, हीच माझी गोष्ट. एका करंडीच्या आयुष्यात सांगण्याजोगे ते काय असणार, असे तुम्हाला वाटेल. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. दोन-तीनदा सुरुवात करून मी गप्प बसले. पण या क्षणी माझ्या पोटात एक मांजर झोपले आहे. त्याच्या घुरघुरण्याने माझ्या कामट्या हलके हलके थरथरतात, आणि मग वाटते की सांगून टाकावे. कुठे चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म चिंचवडात, दत्तोबा बुरूड यांच्या अंगणात झाला. दत्तोबांच्या दारात चिंचेचे झाड होते. त्याच्या सावलीत बसून ते बांबू उभा चिरत, त्याच्या कामट्या काढत, त्या पाण्यात भिजत घालत आणि मग सुपे, टोपल्या, करंड्या विणत. एरवी त्यांच्या हाताखालून निघालेल्या करंड्या एकमेकींसारख्या असत. मी मात्र वेगळी झाले. त्याला कारण यशोदाबाई.

यशोदाबाई चिखलीच्या. घरी थोडी जमीन, दारात कोंबड्या. नवरा वारलेला, मुलगा चिमाजी खडकीला कारखान्यात फिटरचे काम शिकत होता. त्या वेळी पिंपरीला निर्वासितांची छावणी नवी होती. सगळे तिला कॅम्प म्हणत. तिथे अंड्यांना गिऱ्हाईक चांगले, असे यशोदाबाईंच्या कानावर आले होते. म्हणून त्या दत्तोबांकडे आल्या.

"करंडी पाहिजे. झाकणाची," त्या म्हणाल्या. "अंडी न्यायचीत. दगडं न्हाईत."

"मग मऊ इणतो, वैनी."

"मऊ इणली तर खाली बसंल."

"बरं, कडक इणतो."

"कडक इणली तर फुटतील."

दत्तोबांनी कोयता खाली ठेवला. "वैनी, करंडी घ्यायला आलाय का सून बघायला?"

शेजारपाजारचे हसले, पण यशोदाबाई हसल्या नाहीत. त्या तिथेच बसून राहिल्या. दत्तोबांनी बांबूची हिरवी पाठ बाहेर ठेवली, पोटाकडची मऊ बाजू आत घेतली, आणि तळ असा विणला की तो जरा दबावा आणि पुन्हा वर यावा. झाकण केले आणि ते एका बाजूला सुतळीने बांधले. मी तयार झाले तेव्हा यशोदाबाईंनी पदराची गाठ सोडून आणलेली अंडी माझ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "दत्तोबा, तुमीच डोक्यावर घ्या आन् चिंचेला फेरी मारा."

दत्तोबांनी खरोखरच फेरी मारली. पोरे टाळ्या वाजवत मागून चालली. झाकण उघडले तेव्हा अंडी जशीच्या तशी होती. तेव्हा कुठे यशोदाबाई पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतरची वर्षे माझ्या कामाची होती. सकाळी यशोदाबाई मला डोक्यावर घेत आणि चिखलीहून चालत पिंपरी कॅम्पात जात. वाटेत बाजरीची शेते, बाभळी, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. त्याच्या भिंती दर आठवड्याला थोड्या उंच झालेल्या दिसत. कॅम्पातल्या सिंधी बायका माझ्याभोवती जमत.

"अम्मा, आजके हैं?" एखादी विचारी.

"आजके. एकदम आजके," यशोदाबाई सांगत. "कोंबडी अजून वरडतीया."

त्यांना मराठी कळत नसे, पण कोंबडी ओरडते कशी, ते यशोदाबाई करून दाखवत. मग सगळ्या हसत आणि अंडी घेत. एक आजी तर मला रोज हात लावून बघे आणि यशोदाबाईंना म्हणे, "अच्छी टोकरी है." तेवढ्या शब्दांनी मी दिवसभर फुललेली असे. कोणी आपल्याला चांगले म्हणावे, ही इच्छा करंडीलाही असते. तिची मला आज थोडी लाज वाटते, पण ती होती.

मग एका वर्षी कोंबड्यांमध्ये मर आली. माना टाकून कोंबड्या पटापट गेल्या. त्याच सुमारास चिमाजीला आफ्रिकेत, मोंबासा बंदरात नोकरी लागली. तिथल्या एका वर्कशॉपात त्याच्यासारख्या फिटरची गरज होती. जाण्यापूर्वी त्याचे लग्न झाले आणि तो बायकोला, सुमनला, घेऊन बोटीने निघून गेला. यशोदाबाईंच्या दारात ना कोंबडी राहिली, ना माणूस. त्यांनी मला पुसले, माळ्यावर मिरच्यांच्या पोत्याशेजारी ठेवले आणि त्या मला विसरल्या.

मी त्यांना दोष देत नाही. त्या स्वतःलाही विसरल्या होत्या. माळ्यावरून मला सगळे ऐकू येत असे. पूर्वी त्या कोंबड्यांशी बोलत, भांड्यांशी बोलत. आता सकाळी चूल पेटल्याचा आवाज येई, मग भाकरी थापल्याचा, आणि मग काहीच नाही. माझ्यावर धूळ बसली. कोळ्यांनी काठावर जाळी विणली. माझ्यापेक्षा त्यांची वीण नाजूक होती, हे मला मान्य करावे लागले.

एके दिवशी कुठलीशी एक मांजरी माळ्यावर आली. माझे झाकण डोक्याने वर करून ती आत शिरली आणि माझ्या तळाशी, जुन्या गवतावर, तिने पिले घातली. आईमांजर जागा बदलत असते. तिने एकेक पिलू तोंडात धरून नेले. शेवटच्या पिलासाठी ती परत आली नाही. का आली नाही, ते मला कधीच कळले नाही. पिलू ओरडू लागले. ते इतके बारीक ओरडत होते की मला वाटले, हे ओरडणे माझ्यातच विरणार.

पण यशोदाबाईंनी ऐकले. शिडी लावून त्या वर आल्या. झाकण उघडून बराच वेळ बघत राहिल्या.

"तुला बी सोडून गेली व्हय गं?" त्या म्हणाल्या.

मित्रांनो, कितीतरी दिवसांनी त्या घरात मी यशोदाबाईंचा आवाज ऐकला होता.

कापसाची वात दुधात बुडवून त्यांनी ते पिलू वाढवले. रंगाने भुरकट म्हणून नाव भुरी. भुरी मोठी झाली, तरी झोपायला माझ्यातच येई. म्हणून मला माळ्यावरून खाली आणून चुलीजवळ ठेवण्यात आले. यशोदाबाई पुन्हा बोलू लागल्या. भाकरी करताना भुरीला रागे भरत, दूध दिले की हिशेब विचारत, "काल उंदीर सोडलास ना? मग आज साय कशाची मागतीयास?"

तिसऱ्या वर्षी चिमाजी रजेवर आला. अंगात पांढरा शर्ट, पायात बूट, पण दारात आल्याबरोबर बूट काढून तो आईच्या पाया पडला. चहा पिऊन झाल्यावर त्याने विषय काढला.

"आये, चल माज्यासंग. सुमनला सातवा लागलाय. तिला म्हायेर न्हाई, तिथं आपलं कुणी न्हाई. रात पडली की भितीया ती."

शेजारच्या कौशल्याबाई बसल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "जा की गं यशोदे. हितं काय हाय तुजं?"

यशोदाबाईंनी भुरीकडे पाहिले. "आन् ही?"

"मी बघते हिला. मांजरच हाय, म्हस न्हाई."

त्या संध्याकाळी भाकरी करपली. चिमाजीने करपलेली भाकरी मुकाट्याने खाल्ली. सकाळी यशोदाबाईंनी मला अंगणात आणले, राखेने घासले, पाण्याने धुतले, उन्हात वाळवले. माझी सुतळी कुजली होती, ती नवी बांधली. मग मला घेऊन त्या मुलासमोर उभ्या राहिल्या.

"भुरी येत असंल तर मी येते."

चिमाजी हसला. आई थट्टा करते असे त्याला वाटले. कौशल्याबाईंना मात्र कळले.

"याड लागलंय का तुला?" त्या म्हणाल्या. "मांजर घराला धरून ऱ्हातं, माणसाला न्हाई. गेल साली आमचा बोका इंद्रायणीपल्याड सोडला. पोत्यात घालून न्हेला, वाट दिसू नये म्हणून. तरी आला! आन् तू हिला दर्यापार न्हेणार? तिथं उतरली की पळंल ती."

"वाट दिसली न्हाई म्हणून त्यो भ्याला आन् आला," यशोदाबाई म्हणाल्या. "मी हिला सगळी वाट दावीत न्हेणार. पोत्यात न्हाई घालणार." मग त्या मुलाकडे वळल्या. "चिमाजी, ऐक. हिनं तिथलं घर धरलं तर मी ऱ्हाईन. न्हाई धरलं, तर पुढच्या बोटीनं आमी दोघी माघारी. आत्ताच बोल. व्हय म्हण, न्हायतर न्हाई म्हण."

चिमाजीने भुरीकडे पाहिले. भुरी पाय वर करून पोट चाटत होती. तिच्यावर आपल्या आईचे येणे न येणे टांगले गेले आहे, हे त्याला फारसे रुचले नसावे.

"व्हय," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी कौशल्याबाईंनी मेथीचे लाडू आणले. त्यांचे डोळे लाल होते, पण त्या भांडणाच्या सुरातच बोलल्या. "ऐक गं. तिथं गेलीस की पयलं त्या घरच्या चुलीची राख घे आन् भुरीच्या चारी पायांना चोळ. मग ती घर धरंल. तिथल्याच चुलीची. हितली न्हेऊ नगंस, न्हायतर हितंच जीव लागंल तिचा."

हा त्या भागातल्या बायकांचा जुना रिवाज. नवे मांजर घरात आणले की असेच करत. यशोदाबाईंनी मान हलवली. बैलगाडी चिंचवड स्टेशनाकडे निघाली. माझे झाकण उघडे होते आणि यशोदाबाईंचा एक हात भुरीच्या पाठीवर होता.

"ही आपली इहीर. हे रंगरावाचं बाभळीचं बांधावरचं झाड, ध्यानात ठेव. हितनं डावीकडं वळलो बघ," त्या तिला सांगत होत्या.

आगगाडीत बसल्यावरही तेच. शेजारचे लोक वाकून वाकून बघत होते. चिमाजीचे कान लाल झाले होते.

"आये, लोक हसत्यात."

"हसू दे. त्यास्नी माघारी यायचं न्हाई."

तळेगावच्या पुढे गाडी इंद्रायणीच्या पुलावर आली. यशोदाबाईंनी मला उचलून खिडकीशी धरले. भुरीचे कान मागे गेले. "ही नदी. हिच्यापल्याड बोका सोडत्यात, तुला न्हाई," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. मग घाटातले बोगदे आले. अंधारात त्यांची बोटे माझ्या काठावर घट्ट आवळलेली मला जाणवत होती. वाट त्या भुरीला दाखवत होत्या, पण लक्षात कोण ठेवत होते, ते मला तेव्हाच कळले.

मुंबईच्या बंदरावर जनावरांच्या डॉक्टरांनी भुरीला तपासले. तिचे तोंड उघडून दात पाहिले. "दात माजे बघा, डागदर," यशोदाबाई म्हणाल्या. "तिचे चांगले हायत." डॉक्टर हसले आणि आम्हाला सोडले.

बोट सुटली. किनारा बारीक होत गेला, मग एक रेघ झाला, मग तीही पुसली गेली. यशोदाबाई मला मांडीवर घेऊन डेकवर बसल्या होत्या. चहूकडे पाणी. ना झाड, ना विहीर, ना बांध. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. भुरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आता काय दावू गं तुला?" त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी माझे झाकण लावले. चिखलीहून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

पुढचे दिवस आतल्या काळोखात गेले. बोटीवरचा रत्नागिरीकडचा एक खलाशी भुरीला माशाचे तुकडे आणून देई. "मावशी, तुमची बाय काय खाय नाय," तो म्हणे. यशोदाबाईही फारसे खात नव्हत्या. खारा वारा माझ्या कामट्यांत शिरला, लाटेचे पाणी उडाले, आणि माझा रंग काळपट झाला.

मोंबासा गाव हिरवेगार आहे. नारळ, आंबे, केळी. पाहून यशोदाबाईंना जरा बरे वाटले. चिमाजीचे घर म्हणजे दोन खोल्यांचे पत्र्याचे क्वार्टर. दारात सुमन उभी होती. पोट पुढे आलेले, डोक्यावर पदर, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. पण पोरगी बुजरी. काय बोलावे हे तिला सुचेना. म्हणून तिने सासूला आपले स्वयंपाकघर दाखवले. तिथे पितळेचा स्टो होता, आरशासारखा घासलेला.

"आत्याबाई, ह्यो बघा," ती अभिमानाने म्हणाली. "काडी लावली की पेटतो. धूर न्हाई. काळं न्हाई. राख न्हाई."

यशोदाबाई पाटावर बसता बसता थांबल्या.

"राख न्हाई?"

"अजिबात न्हाई," सुमन म्हणाली.

पदरातले लाडवांचे पुडके सोडायचे राहूनच गेले. यशोदाबाई त्या चकचकीत स्टोकडे बघत बसल्या.

भुरी माझ्यातून बाहेर पडली आणि एका उडीत कपाटावर जाऊन बसली. तिथून ती उतरेना. दूध ठेवले, मासळी ठेवली, काहीच शिवेना. दार उघडले की मान लांब करून बाहेर बघे आणि मोठ्याने ओरडे. दूधवाला माणूस तिला बघून "पाका, पाका" म्हणाला. इकडे मांजराला पाका म्हणतात. "ती भुरी हाय," यशोदाबाई त्याला मराठीत म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे बोचके अजून सोडलेले नव्हते. त्यातून रोज एक लुगडे काढत आणि पुन्हा गाठ मारून ठेवत.

आणि मी? मला मागच्या पडवीत ठेवले होते. मी काळी पडले होते, मला अंड्यांचा, माशांचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येत होता. चिमाजीचे मित्र घरी येत. त्यांच्या नजरेस मी पडू नये, असे त्याला वाटत असावे. ते मला समजत होते. वाईट मात्र वाटत होते.

शेजारी एक गुजराती कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे कोळशाची शेगडी होती. चिमाजी म्हणाला, "आये, शेजारची राख आणू का मागून?"

"ती काय शेजाऱ्याकडं ऱ्हाणार हाय?" यशोदाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. न्हाई धरत ती. माघारची बोट कवा हाय रं?"

आत भांडी लावणाऱ्या सुमनच्या हातातून एक वाटी खाली पडली आणि बराच वेळ गरगरत राहिली.

रविवार होता. चिमाजीला सुट्टी होती. तो एकाएकी उठला. "राख पाहिजे ना? आत्ता करतो राख. ह्याच घरात करतो," असे म्हणत तो मागच्या दारी आला. त्याने तीन दगड शोधून आणले आणि त्यांची चूल मांडली. आईची चूल तो लहानपणापासून बघत आलेला होता, त्यामुळे दगड बरोबर बसले. पण जळण कुठले? त्या दिवसांत रोज सरी येत होत्या. अंगणातली नारळाची सालं ओली चिंब होती, काटक्याही ओल्या. त्याची नजर पडवीत फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. पडवीत कोरडी अशी मीच होते.

त्याने वाईट हेतूने केले नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. आईला ठेवून घ्यायचे म्हणून तो धडपडत होता. त्याने माझी सुतळी तोडली, झाकण वेगळे केले आणि त्या तीन दगडांमध्ये घालून काडी लावली. वाळलेला बांबू पेटायला वेळ लागत नाही. फट्, फट्, असे त्याचे पेर फुटू लागले. जे झाकण दत्तोबांनी चिंचेखाली बसून केले, जे यशोदाबाईंनी बोटीवर लावले, ते माझ्यासमोर लाल झाले आणि मग पांढरे. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटले ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. असते तरी मी ते वापरले नसते.

मग त्याने मला उचलले. मोडून लहान तुकडे करावेत म्हणून माझ्या काठावर गुडघा टेकवला आणि कोयता वर केला.

फट् फट् आवाज ऐकून म्हणा, की त्या धुराने चुलीची आठवण होऊन म्हणा, भुरी कपाटावरून उतरली होती. ती स्वयंपाकघरातून चालत आली, चिमाजीच्या दोन पायांमधून शिरली आणि माझ्यात उडी मारून बसली. एकदा गोल फिरली, दुसऱ्यांदा गोल फिरली, शेपटी नाकावर ओढून घेतली आणि डोळे मिटले. जिथे ती जन्मली होती, अगदी त्याच जागी.

चिमाजीचा हात वरच राहिला.

"आये," तो हळूच म्हणाला. "आये, हिकडं ये."

यशोदाबाई आल्या. सुमनही एक हात कमरेवर ठेवून आली. तिघेही बघत राहिले. भुरी घुरघुरत होती. आफ्रिकेच्या भूमीवर ती पहिल्यांदाच घुरघुरत होती.

"कोयता खाली ठेव," यशोदाबाई म्हणाल्या. "घर हाय ते तिचं."

चिमाजीने कोयता ठेवला. जळून गेलेल्या झाकणाकडे पाहून तो ओशाळला. "मी तुजं झाकण जाळलं गं आये."

"जाळलंस ते जाळलंस. आता राख तर झाली."

राख निवेपर्यंत त्या दगडांपाशी बसून राहिल्या. मग त्यांनी ती चिमटीत घेतली आणि भुरीला न उठवता तिच्या चारी पायांना चोळली. भुरीने एक डोळा उघडला आणि मिटला. कौशल्याबाईंनी सांगितले होते, तिथल्याच चुलीची राख. ही राख तिथल्या चुलीची होती खरी, पण बांबू चिंचवडचा होता. असली राख चालते की नाही, हे कौशल्याबाईंनाच माहीत. तिथे विचारायला त्या नव्हत्या, आणि कोणी विचारलेही नाही.

यशोदाबाई उठणार, तेवढ्यात सुमन खाली वाकली. पोटामुळे तिला नीट वाकता येत नव्हते. तिने उरलेली राख आपल्या तळहातावर घेतली आणि सासूच्या पायांना लावू लागली. आधी उजव्या, मग डाव्या.

"अगं, हे काय करतीयास? वाकू नगंस, पोटुशी हायस!" यशोदाबाई पाय मागे घेऊ लागल्या.

"मग हलू नगा, आत्याबाई," सुमन म्हणाली. इतक्या दिवसांतले तिचे हे सर्वांत मोठे धाडस होते. "तुमी बी घर धरा आता."

यशोदाबाई हलल्या नाहीत. पावसाची एक सर पत्र्यावर वाजत आली आणि निघून गेली. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला राख होती, ती सुमनच्या केसांना लागली.

"चिमाजी," त्या म्हणाल्या, "त्या बोचक्याची गाठ सोड. आन् लाडू काढ त्यातले, भुगा व्हायच्या आत."

मित्रांनो, एवढीच माझी गोष्ट. आता सुमनची मुलगी चालू लागली आहे. ती माझ्या काठाला धरून उभी राहते आणि भुरीच्या कानात काहीबाही सांगते. अंगणात पुन्हा कोंबड्या आहेत. यशोदाबाईंनी त्या कुठून मिळवल्या ते विचारू नका. अंडी मात्र दुसऱ्या टोपलीत ठेवतात, कारण मला जागा नसते. मागच्या दारी ते तीन दगड अजून तसेच आहेत. सणावाराला यशोदाबाई त्यांच्यावरच पुरणाची डाळ शिजवतात, आणि सुमनचा स्टो बिचारा आत चकचकत बसतो. चिमाजीने मला नवे झाकण करून द्यायचे अनेकदा काढले. यशोदाबाई म्हणतात, नको. उघडी आहे तेच बरे.

तुम्हाला उपदेश करावा, एवढी माझी पात्रता नाही. एक विनंती मात्र आहे. तुमच्याही घरी माळ्यावर, पडवीत, एखादी काळवंडलेली टोपली पडलेली असेल. ती मोडायला घ्याल, तेव्हा आधी आत हात घालून बघा. आणि कधी दूर गावी जाण्याची वेळ आली, तर मुक्या जिवाला पोत्यात घालून नेऊ नका. त्याला वाट दाखवत न्या. त्याला कळेल का, असे म्हणू नका. निदान तुमच्या तोंडाकडे बघायला त्याला मिळेल.

बस्स. भुरी जागी झाली आहे आणि आळस देते आहे. ती आपली नखे माझ्यावर घासेल, आणि माझी एखादी कामटी आणखी सैल होईल. होऊ दे.